तोन्याच्या पातेल्याचं कुलूप

तोन्याने मला शिव्या दिल्या असत्या तर माझं काहीच म्हणणं नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरात शिव्यांची ददात कधीच नव्हती. युद्धात पाव कमी पडला, केरोसीन कमी पडलं, शिव्या मात्र रोज ताज्या मिळायच्या. पण त्रेपन्न सालच्या जानेवारीतल्या त्या सकाळी मी चहाचं पाणी ठेवायला गेले आणि बघते तर काय, तोन्याच्या सूपच्या पातेल्याला कुलूप. झाकणाच्या आणि पातेल्याच्या कड्यांमधून साखळी ओवलेली आणि साखळीला कोठाराच्या दाराला लावतात तसलं दणकट लोखंडी कुलूप. मी किटली हातात घेऊन तशीच उभी राहिले.

कारण आदल्याच दिवशी पेपरात आलं होतं. मॉस्कोतल्या मोठमोठ्या डॉक्टरांना पकडलं. ते म्हणे औषधांतून सरकारातल्या माणसांना मारत होते. नावं वाचली तर बहुतेक आमच्यातली, ज्यूंची. पांढऱ्या डगल्यातले खुनी, असं छापलं होतं. आणि माझी मुलगी फान्या मुलांची डॉक्टर. अंगात पांढरा डगला आणि आडनाव ग्लुस्किना. आता आणखी पुरावा कशाला हवा?

आमचं घर म्हणजे व्होल्गाच्या काठावर एका फ्लॅटमध्ये कोंबलेली तीन बिऱ्हाडं. नदीकडच्या खोलीत मी आणि फान्या. मधल्या खोलीत तोन्या आणि तिची पोर ल्युस्का. तोन्याचा नवरा युद्धातून घरी आला तो छातीत गोळीचा तुकडा घेऊनच, आणि ल्युस्का पोटात असताना वारला. टोकाच्या अंधाऱ्या खोलीत वालेरियान प्लातोनोविच, आम्ही त्याला प्लातोनिच म्हणायचो. कचेरीत कारकून, एकटा, वागायला अतिशय सभ्य. रोज सकाळी मान झुकवून नमस्कार करायचा आणि माझ्या खांद्यावरून आमच्या खिडकीकडे बघायचा. स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच. तीन टेबलं, तीन प्रायमस स्टोव्ह, आणि छताखाली दोरीवर सगळ्यांचे ओले कपडे.

या स्वयंपाकघरात मी आणि तोन्या चौदा वर्षं भांडलो. ती मासळीच्या डेपोत कामाला. दिवसभर पिंपांमध्ये मासे खारवायची आणि तो वास घरी घेऊन यायची. मी म्हणायचे, "दारातच गोणपाटावर कपडे बदल, नाहीतर मांजरं मागे येतील." ती म्हणायची, "तुम्ही नका बोलू. माशात साखर घालणारी बाई मला वासाचं शिकवते." आमच्यात माशात साखर घालतात. घालतात तर घालतात. खायला बसली की दोनदा मागून घ्यायची.

आणि तिचं सूप. देवाने त्या बाईला बैलाची ताकद दिली, तोफेसारखा आवाज दिला, पण हाताला चव म्हणून दिली नाही. कोबी चांगला, हाडं चांगली, मीठ मात्र औषधालाही नाही. मला ते बघवायचं नाही. पोरीच्या पोटात रोज असलं अळणी पाणी जायचं! म्हणून तोन्या पायऱ्या झाडायला नाहीतर पाणी आणायला गेली की मी झाकण उचलायचे, चमचाभर चाखायचे आणि चिमूटभर मीठ टाकायचे. कधी दोन चिमटी. इतकी वर्षं मी हे करत आले आणि तिला पत्ता लागू दिला नाही. शेजारपाजारच्या बाया तिच्या सूपची तारीफ करायच्या तेव्हा मी खाली मान घालून कांदा चिरत बसायचे.

तर त्या पातेल्याला आता कुलूप.

दोन वर्षांपूर्वी ल्युस्काच्या मेंदूला क्षय झाला होता. तीन वर्षांची पोर, मान धनुष्यासारखी मागे गेलेली. त्या आजारात मुलं वाचत नसत. फान्याने वरच्या लोकांच्या पायऱ्या झिजवून, भांडून, रडून नवीन इंजेक्शनं मिळवली आणि दिवसरात्र त्या खाटेशी बसली. पोर जगली. डावा कान मात्र गेला, त्या औषधाचा तो गुणच आहे. त्या वेळी तोन्याने माझ्या फान्याचे हात धरून त्यांवर डोकं ठेवलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि आज तिनेच आमच्या भीतीने सूपला कुलूप लावलं होतं. 

"काय गं तोन्या," मी कुलूप बोटाने वाजवत म्हटलं, "आत हिरे शिजायला ठेवलेस का?"

प्लातोनिच तिथेच दाढीचं पाणी गरम करत होता. तोन्या त्याच्याकडे बघून, मग माझ्याकडे बघून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "माझ्या पातेल्यापासून हात लांब ठेवायचे, हिंदा याकोवलेव्ना. आजपासून."

हिंदा याकोवलेव्ना! एरवी मी तिची हिंदामावशी. भांडण रंगलं की म्हातारी, आणि फारच रंगलं की खवट म्हातारी. पण असं बापाच्या नावासकट, सरकारी कागदावर लिहितात तसं, ती मला कधी बोलली नव्हती. प्लातोनिच दाढीचा साबण लावता लावता हसला. मी खोलीत आले आणि उशीत तोंड खुपसून रडले.

फान्या म्हणाली, "आई, सोड ना. लोक घाबरलेत."

"कुणी घाबरायचं नि कुणी नाही, काही धरबंद आहे का नाही? चौदा वर्षं ती माझ्या कानाशी ओरडतेय. त्या चौदा वर्षांत मला तिला विष घालायचं असतं तर आत्तापर्यंत दहादा घातलं असतं."

"हे बाहेर बोलू नकोस," फान्या म्हणाली. ती कधी आवाज चढवत नाही, माझ्यावर गेलेली नाही.

त्यानंतर दिवस फार वाईट गेले. आया मुलांना दवाखान्यात आणेनाशा झाल्या. आणलंच तर दारात विचारायच्या, "दुसरी कुणी डॉक्टर नाही का? आपल्यातली?" दिलेली औषधं फाटकाबाहेर बर्फात ओतून जायच्या, आणि मग पोरांचा ताप चढला की रात्रभर रडायच्या. ट्राममध्ये एका बाईने फान्याच्या पायावर मुद्दाम पाय दिला. शेवटी इस्पितळाच्या उपप्रमुखाने, कुद्रिनने, तिला बोलावून सांगितलं की काही दिवस घरीच बसा. हाच कुद्रिन त्याच्या नातवाला घटसर्प झाला तेव्हा आमच्या दारात टोपी हातात घेऊन उभा होता. गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण ज्याने केली असेल त्याने कुद्रिनला पाहिलं असणार.

मी एका पिशवीत लोकरीचे मोजे, साबण, दात घासायची पूड आणि सुके पाव भरून, रात्री कुणी फान्याला न्यायला आलं तर हाताशी असावी म्हणून, पिशवी खाटेखाली ठेवली. फान्याने पाहिली आणि पायाने आणखी आत सरकवली. त्या वर्षी पुष्कळ घरांत खाटेखाली अशा पिशव्या होत्या.

आणि तोन्या माझ्याशी भांडेनाशी झाली. मी मुद्दाम तिच्या टेबलावर माझी परात ठेवली, तर तिने उचलून जागेवर ठेवली आणि गप्प. मी म्हटलं, "आज वास जरा जास्तच येतोय गं." तरी गप्प. मला तर वेड लागायची पाळी आली. कुलूप रोज जागच्या जागी, किल्ली दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात. रोज मी कुलपाकडे बघायचे आणि आत काय अळणी कालवलं असेल ते मनात आणायचे.

फेब्रुवारीच्या शेवटाला इस्पितळात सभा लागली. विषय: डॉक्टर ग्लुस्किना. आमच्याकडच्या सभा कशा असत ते मला ठाऊक होतं. कुणीतरी ठराव वाचतो. कोण बाजूने? सगळे हात वर. कोण विरोधात? कुणी नाही. एकमताने मंजूर, चला घरी, बटाटे शिजायचे आहेत. कुणाचा हात वर गेला नाही असं कधी झालंच नव्हतं. आणि ठराव मंजूर झाला की कागद गुप्त पोलिसांच्या त्या करड्या इमारतीत जाणार, आणि मग ती पिशवी खाटेखालून बाहेर निघणार. हे फान्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि सभेला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

साक्षीला दोघं. प्लातोनिच आणि तोन्या. प्लातोनिचकडून कुलपाचं कळल्यावर कुद्रिनने तोन्याला निरोप धाडला होता, पातेलं कुलपासकट घेऊन या. कष्टकरी बाईला या लोकांची किती दहशत बसलीय ते सभेला दिसू दे.

सभा दुपारी, इस्पितळाच्या जेवणघरात. मेणकापडाची लांब टेबलं, प्रत्येक टेबलावर मिठाची वाटी आणि चमच्यांचा डबा. पुढे लाल कापड घातलेल्या टेबलामागे कुद्रिन. फान्या एकटी पहिल्या बाकावर, तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकाम्या. मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले. कुणी मला जा म्हटलं नाही आणि बस असंही म्हटलं नाही.

आधी प्लातोनिच उठला. केस पाणी लावून बसवलेले, आवाज गोड.

"मला कुणाबद्दल वाईट बोलायची सवय नाही," तो म्हणाला. "पण जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगणं भाग आहे. आमची शेजारीण तोन्या, म्हणजे अंतोनिना येगोरोव्ना, बाहेर गेली की डॉक्टरबाईंची आई तिच्या पातेल्याचं झाकण उचलते, इकडेतिकडे बघते आणि पातेल्यात पांढरी पूड टाकते. एकदा नाही, अनेकदा. हे मी शपथेवर सांगतो."

सभेत एकदम कुजबुज उठली. पुढच्या बायांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आणि तो खरं बोलत होता. झाकण मीच उचलत होते, इकडेतिकडेही मीच बघत होते, पूडही पांढरीच होती. माझ्या लेकीच्या गळ्याचा फास मी स्वतःच्या हाताने, चिमूट चिमूट करून, वळला होता. आता मी मीठ म्हणून ओरडले असते तरी माझं कोण ऐकणार होतं? चोरी मीच केली असं चोर कधी म्हणतो का?

फान्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिलाही मिठाचं माहीत नव्हतं.

"अंतोनिना येगोरोव्ना, पुढे या," कुद्रिन म्हणाला.

तोन्या आली. अंगात डेपोतलं कापूस भरलेलं जाकीट, हातात शालीत गुंडाळलेलं पातेलं, आणि जाकिटाचं टोक धरून ल्युस्का. तिने पातेलं लाल कापडावर आदळलं. कुद्रिनने आपले कागद थोडे मागे ओढले.

"हे कुलूप तुम्ही लावलंत?"

"मी."

"कधीपासून?"

"पेपरात ते आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"कुणाच्या भीतीने?"

"तिच्या." तोन्याने हात लांब करून थेट माझ्याकडे बोट दाखवलं. "त्या म्हातारीच्या."

कुद्रिनचा चेहरा खुलला. "म्हणजे ती पातेल्यात काही टाकते हे तुम्हाला माहीत होतं?"

"चौदा वर्षांपासून माहीत आहे."

"चौदा वर्षं! ऐकताय ना सगळे? काय टाकते?"

"मीठ," तोन्या म्हणाली.

 मग मागे कुणीतरी नाकातून हसलं. कुद्रिनने पेन्सिल आपटली.

"तुम्ही खात्रीने कसं सांगता की ते मीठच होतं?"

"साहेब, माझं सगळं आयुष्य मिठात गेलंय. मी खारवलेले मासे पिंपात भरते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हाताला मीठ, ओठाला मीठ, डोळ्यांत मीठ. घरी येते तेव्हा माझी जीभ मेलेली असते. सूपला किती घालायचं ते मला कळतच नाही. एकदा घातलं तर नवऱ्याने ताट भिंतीला मारलं. तेव्हापासून मी घालतच नाही. म्हातारी घालते. मी पाण्याला म्हणून बाहेर जाते आणि जिन्यात जरा वेळ उभी राहते, तिचं उरकेपर्यंत. तिला वाटतं मला कळत नाही. वाटू दे. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं?"

आता सभा उघड उघड हसायला लागली. मी भिंतीला घट्ट धरून होते. चौदा वर्षं ती जिन्यात उभी राहत होती. आणि मी स्वतःला मोठी हुशार समजत होते.

"मग कुलूप कशाला?" कुद्रिन ओरडला.

"ते या गृहस्थांना विचारा." तोन्याने प्लातोनिचकडे तोंड केलं. "पेपर आला त्या संध्याकाळी हे मला म्हणाले, तोन्या, त्यांची नदीकडची खोली रिकामी झाली तर मी तिकडे जातो आणि माझी खोली तू घे. मी म्हटलं, ती कशाला रिकामी होईल? तर म्हणाले, म्हातारी तुझ्या पातेल्यात काय टाकते ते मी बघून ठेवलंय. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हातारीला सांगून उपयोग नव्हता. तिला सांगितलं असतं तर व्होल्गाच्या पलीकडच्या काठालाही कळलं असतं. आणि तिचा हात तर तिच्या तोंडाहून वाईट, मीठ टाकल्याशिवाय राहायचा नाही. म्हणून कुलूप लावलं. हातच आत गेला नाही तर हे बघणार काय?"

"खोटं आहे," प्लातोनिच म्हणाला. पण त्याच्या गोड आवाजाला चीर गेली होती आणि केसांवरचं पाणी कानामागून ओघळत होतं.

"खोटं? मग सांगा, पेपरानंतर एकदा तरी पूड टाकताना दिसली का? बोला की."

प्लातोनिच बसला.

कुद्रिनने कागद उलटसुलट केले. "ते असो. पण तुमच्या मुलीचा कान? या डॉक्टरने दिलेल्या औषधाने निरोगी कान कायमचा बंद झाला. एका कष्टकऱ्याची मुलगी बहिरी झाली. याबद्दल आई म्हणून तुमचं काय म्हणणं आहे?"

तोन्या हसत नव्हती आता. तिने ल्युस्काच्या डोक्यावर हात ठेवला.

"डॉक्टरने मला आधी सांगितलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "म्हणाली, अंतोनिना येगोरोव्ना, औषध कडक आहे, पोर वाचेल पण कान जाऊ शकतात. सुई देण्याआधी सांगितलं, नंतर नाही. मी म्हटलं, कान घ्या, पोर द्या. दोन्ही घेतले असते तरी मी दिले असते. एक तिने वाचवून दिला. माझं म्हणणं विचारता ना, तर हेच माझं म्हणणं आहे. लिहून घ्या."

 फान्याने चष्मा काढला आणि पुसत बसली. कितीतरी वेळ पुसत होती.

मग तोन्याने गळ्यातला दोरा ओढून किल्ली बाहेर काढली. "पुरावा आणा म्हणाला होतात ना? आणलाय." कुलूप काढलं, साखळी सोडली, झाकण उचललं. कोबीच्या सूपची वाफ त्या लाल कापडावर पसरली.

"हिंदामावशी," ती म्हणाली, "इकडे या."

मावशी. मी कशी चालत गेले मला आठवत नाही. एवढंच आठवतं की बायांनी पाय मागे घेऊन मला वाट दिली. तोन्याने डब्यातला चमचा माझ्या हातात ठेवला. मी चाखलं. सगळी सभा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कसं आहे?" तोन्याने विचारलं.

"अगं, कसं असणार? घोड्यालाही देववणार नाही," मी म्हटलं. "मीठ आहे का यात?"

"मग घाला की. आता सगळ्यांसमोर घाला."

मी इस्पितळाच्याच टेबलावरची, सरकारी, मिठाची वाटी ओढली. चिमूट घेतली, हात वर धरून सगळ्यांना दाखवली आणि पातेल्यात सोडली. मग आणखी एक. ढवळलं. तोन्याने माझ्या हातातला चमचा घेतला आणि खाल्लं. मग ल्युस्काला दिलं. ल्युस्काने चमचा चाटला आणि म्हणाली, "आई, आज सूप पहिल्यासारखं झालंय."

त्यानंतर जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. सर्वांत जुनी परिचारिका मात्र्योना, मोठी धार्मिक बाई, ज्यूंबद्दल तिचं मत काही फार चांगलं नव्हतं, ती उठली, डब्यातून चमचा घेतला, पातेल्यापाशी आली आणि खाल्लं. चमचा चाटून म्हणाली, "बेस झालंय." मग पहारेकरी उठला, तो भुकेलाच होता. मग वॉर्डातल्या दोन आया. मग धोबीण. एकेक जण चमचा घेऊन येई, फान्यासमोरून जाताना मान झुकवी आणि सूप खाई. एका बाईने तर पाव काढला जाकिटातून आणि कपडे भरायची पर्वा न करता बुडवून खाल्ला.

"सभा चालू आहे!" कुद्रिन ओरडला. "ठरावावर मत घ्यायचंय. बाजूने कोण?"

प्लातोनिचचा हात वर गेला. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बाकीच्यांच्या हातात चमचे होते. त्याचा हात हळूहळू खाली आला आणि त्याने मान खाजवली.

विरोधात कोण, हे कुद्रिनने विचारलंच नाही. विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं. तो म्हणाला, पुराव्याची नीट छाननी व्हायची आहे, सभा तहकूब. आणि कागद गोळा करून मागच्या दाराने निघून गेला. तोपर्यंत पातेल्यात तळाला कोबीचं एक पान राहिलं होतं, ते मात्र्योनाने खाल्लं.

घरी आल्यावर तोन्याने पातेलं घासलं आणि पुन्हा कुलूप लावलं.

"आता कशाला?" मी म्हटलं.

"अजून संपलेलं नाही, मावशी. तुमचा हात मला माहीत आहे. सगळं निवळेपर्यंत मी पातेलं उघडून तुमच्याकडे घेऊन येईन, मीठ दोघींसमोर घालायचं." आणि तसंच चाललं. पिशवीही खाटेखालीच राहिली. मार्चमध्ये मॉस्कोतला तो, भिंतीभिंतीवर ज्याचा फोटो होता तो सगळ्या देशाचा मालक, वारला. त्याचं नाव मी अजूनही स्वयंपाकघरात घेत नाही. सगळं गाव रडलं, तोन्याही रडली. मीही रडले, पण मी कांदा चिरत होते.

मग एप्रिलमधली ती सकाळ. नदीवरचा बर्फ तडकत होता आणि त्याचे आवाज घरात येत होते. तोन्या डेपोला जायच्या तयारीत, मी प्रायमस पेटवतेय, आणि भिंतीवरचा रेडिओ नेहमीप्रमाणे बडबडतोय. स्वयंपाकघरात रेडिओ कुणी ऐकत नसे. ऐकायची फक्त ल्युस्का, स्टुलावर चढून, चांगला कान त्या काळ्या तबकडीला चिकटवून. एकाएकी ती म्हणाली, "आई, ते म्हणतायत डॉक्टरांनी काहीच केलं नव्हतं. त्यांना सोडून दिलं. सगळं खोटं होतं म्हणतायत."

माझ्या हातातली काडी बोटापर्यंत जळली. फान्या अंगावर शाल घेऊन दारात येऊन उभी राहिली. रेडिओवाल्याने पुन्हा सगळं वाचलं, एकेक नाव घेऊन. आरोप खोटे, कबुलीजबाब मारहाण करून घेतलेले.

तोन्याने ल्युस्काला स्टुलावरून उतरवलं. "हे तर आपल्याला कधीपासून माहीत होतं," ती म्हणाली. "त्यांना आत्ता कळलं होय?"

मी खाली बसले आणि मोठमोठ्याने रडले. या वेळी कांदा नव्हता. फान्या माझ्याशेजारी फरशीवर बसली, तोन्या तिच्या त्या वासाच्या जाकिटासकट बसली, आणि आम्ही तिघींनी एकमेकींना धरून ठेवलं. प्लातोनिच दाढीचं पाणी घ्यायला आला, आम्हाला पाहिलं आणि गार पाण्यानेच दाढी करायला परत गेला. त्याच्याकडे बघायला त्या दिवशी कुणाला फुरसत नव्हती.

दुपारच्या आत कुद्रिन आला. स्वतः, पायी, टोपी हातात घेऊन, आमच्या ओल्या कपड्यांखाली वाकून. फान्या लाझारेव्ना, वॉर्ड भरलाय, गोवराची साथ आहे, आपण आजच याल का, असं विचारलं. मी म्हणणार होते, आधी पाय धर. फान्याने विचारलं, "ताप उतरत नाही असं कोण आहे?" आणि तो सांगेपर्यंत तिने डगला घातलासुद्धा. पांढरा, ती घरी बसली तरी मी रोज रात्री इस्त्री करून ठेवत असे तोच. ती गेलीही. ती तशीच आहे, माझ्यावर गेलेली नाही.

मी मात्र कुद्रिनला जाऊ दिलं नाही. "बसा," मी म्हटलं. तोन्याने कामावर जायचं टाळलं होतं. तिने गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत चिमूटभर मीठ टाकून ताटली त्याच्यापुढे ठेवली. त्याने चमचा उचलला, थांबला, आमच्या दोघींकडे पाहिलं आणि खाल्लं. सगळं संपवायला लावलं आम्ही.

"मीठ बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"बरोबर आहे," तो ताटलीकडे बघत म्हणाला.

तो गेल्यावर मी खाटेखालची पिशवी ओढून काढली. सुके पाव ल्युस्काने सूपात बुडवून खाल्ले, मोजे मी पायांत घातले. तोन्याने साखळी खिळ्याला टांगली आणि कुलूप माझ्या हातात ठेवलं.

"घ्या मावशी. आता पातेल्याला नको. तुमच्या तोंडाला लावा."

मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा, कितीतरी आठवड्यांनी, मनापासून शिव्या दिल्या. तिनेही दिल्या. मासळीचा वास, माशातली साखर, टेबलावरची परात, सगळं निघालं. आमचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाया वर आल्या आणि दारात उभं राहून एकमेकींना सांगू लागल्या की चला, या घरात आता सगळं ठीक आहे.

कुलूप अजून माझ्याकडे आहे. तोंडाला मात्र मी ते लावलं नाही. लावलं असतं तर हे तुम्हाला कोण सांगणार होतं?